चालतं नखेत्र

आमच्या अंत्रुजातल्या गावी एकेकाळी संध्याकाळी करंट गेला की तो जेवणं होईपर्यंत यायचा नाही. मग कंदील सोप्यावर ठेवून घरातली सगळी माणसं आंगणात येऊन बसत. तीन बाजूंना कुळागरातल्या पोफळी, चौथ्या बाजूला डोंगर आणि मधे, तुळशी वृंदावनाच्या डोक्यावर, परातीएवढं आभाळ. माझं सगळं खगोलशास्त्र त्या परातीत सुरू झालं. मृग, रोहिणी, कृत्तिका यांची ओळख आईने करून दिली. तिच्या तोंडी 'तारा' हा शब्द नाही. तिची सगळी 'नखेत्रं'.

अशाच एका रात्री, मी पाचवी-सहावीत असेन, आईने तिच्या लहानपणची एक गोष्ट सांगितली. तिचं माहेर डिचोली महालात. गोवा मुक्त होण्याआधीचा, म्हणजे १९६०चा पौष. आई तेव्हा पंधरा वर्षांची. वाड्यावरच्या बायका जेवणं आटोपून मांडावर धालो खेळायला जमल्या होत्या. समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या हातांत हात गुंतवलेले. आईची रांग मागे सरत असताना तिची मान सहज वर गेली आणि तिला दिसलं की डोंगराच्या बाजूने एक नखेत्र चालत येतंय. आवाज नाही, शेपूट नाही, लुकलुक नाही. देवळातून पालखी निघावी तसं संथपणे ते माथ्यावरून पलीकडे गेलं. आईचे पाय थांबले, रांग अडखळली, गाणं तुटलं.

मांडावर गाणं तुटणं ही साधी गोष्ट नव्हे. एक म्हातारी म्हणाली, "राखणदाराची दिवटी असेल, बोट दाखवू नको." देवचार रात्री दिवटी घेऊन सीमेवरून फिरतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "पाखल्यांचं विमान असणार. चार लोकांत बोलू नकोस." दिवस तसे होते. आई गप्प राहिली. पुढे लग्न होऊन इकडे आली, आणि ती गोष्ट तिने आम्हा मुलांना सांगितली.

आणि मी काय म्हणालो? "आई, ती उल्का असेल." शाळेत नुकताच तो धडा झाला होता. "उल्का एवढा वेळ असते?" तिने विचारलं. "मग विमान." ती म्हणाली, "विमानं मी मागीर पुष्कळ पाहिली रे पुता." विषय तिथे संपला. पुढे मी हायस्कुलात भूगोल शिकवायला लागलो, तेव्हा तर आईचं ते 'चलतें नखेत्र' माझ्या लेखी लोककथेच्या खात्यात जमा झालं होतं. लोककथा गोळा करायची हौस होती, पण त्यातलं काही खरं असू शकेल ही शंका नव्हती.

२००१ साली फोंड्यात एका सायबर कॅफेत बसून मी वर्गासाठी काही नकाशे शोधत होतो. शोधता शोधता 'हेवन्स-अबव्ह' नावाचं संकेतस्थळ सापडलं. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरायचे, की कुठला उपग्रह किती वाजता, कुठल्या दिशेला, किती उंचीवर दिसणार याचं कोष्टक समोर येतं. गावाचं नाव त्यांच्या यादीत असेल अशी आशाच नव्हती. सर्वेचा नकाशा घरी होता, त्यावरून आकडे काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. कोष्टकात एका रांगेपुढे लिहिलं होतं, 'इरिडियम', आणि तेजस्वितेच्या रकान्यात उणे आठ. मला वाटलं छापताना चूक झाली. आभाळातला सगळ्यांत तेजस्वी ग्रह शुक्र, तो उणे साडेचारच्या आसपास थांबतो. उणे आठ म्हणजे शुक्राच्या वीस-तीस पट.

त्या संध्याकाळी घरातलं घड्याळ आकाशवाणीच्या बातम्यांच्या ठोक्यावर लावलं आणि आईला आंगणात बोलावलं. "अमुक वाजता, अमुक मिनिटांनी, अमुक सेकंदाला तिथे बघ," मी ईशान्येकडे हात करून म्हणालो. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. आमच्या गावची बस अर्धा तास इकडेतिकडे, आणि हा आभाळातलं सेकंदावर सांगतोय!

पोफळीच्या शेंड्याच्या वर एक अगदी फिका ठिपका सरकत आला. मग तो वाढला. वाढतच गेला. कुणीतरी वात हळूहळू वर काढावी तसा. तीन-चार सेकंद इतका झगझगला की डोळे दिपले, आणि मग तसाच हळूहळू बारीक होत दिसेनासा झाला.

"आयलें! आयलें!" आई लहान मुलीसारखी ओरडली.

आता हे काय प्रकरण होतं ते सांगतो. मोटोरोला कंपनीच्या पुढाकाराने पृथ्वीभोवती दूरध्वनीच्या उपग्रहांचं एक जाळं उभारलं गेलं. ५ मे १९९७ला पहिले उपग्रह वर गेले. मूळ बेत ७७ उपग्रहांचा होता, म्हणून ७७ क्रमांकाच्या मूलद्रव्याचं नाव दिलं, इरिडियम. पुढे हिशेब करता ६६ पुरतात असं ठरलं, पण नाव तेच राहिलं. हे उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून, उत्तर-दक्षिण असे, शंभर मिनिटांत पृथ्वीला एक फेरा घालत. प्रत्येकाला तीन सपाट अँटेना. घराच्या दाराच्या फळीएवढी एकेक, आणि वरून चांदीचा मुलामा. थोडक्यात, आभाळात फिरणारे तीन आरसे.

आरशाचं काम कवडसा पाडायचं. लहानपणी आपण आरशाचा तुकडा उन्हात धरून समोरच्या घरातल्या माणसाच्या तोंडावर कवडसा मारायचो, तोच हा खेळ. सूर्यबिंब आपल्याला अर्ध्या अंशाएवढं दिसतं, म्हणून त्याचा कवडसाही तेवढाच फाकतो. हजारएक किलोमीटरवरून जमिनीवर येईपर्यंत त्याची रुंदी आठ-दहा किलोमीटर होते. तेवढ्या पट्ट्यात आपलं घर आलं तर आपल्याला तो लखलखाट दिसायचा. फोंड्याला पूर्ण तेजात दिसलेली चमक पणजीकराला तशी दिसेलच असं नाही. म्हणजे एका अर्थी तो कवडसा आपल्या गावापुरताच. आईला हे फार आवडलं होतं.

तेव्हापासून आमच्या घरी तो नेम झाला. महिन्याला फोंड्याला जायचं, कोष्टक उतरून आणायचं आणि कालनिर्णयच्या चौकोनांत वेळा लिहायच्या. एकादशी, संकष्टी, त्याखाली '७.१२ ईशान्य'. आई तुळशीपुढे पणती लावून झाली की विचारायची, "आज आहे काय?" पावसाळ्यात चार महिने सुट्टी. ढगांपुढे कोष्टकाचं काही चालत नाही.

शाळेतल्या मुलांनाही मी ओळखीच्या खुणा शिकवल्या. दिवा लुकलुकतोय, तांबडा-हिरवा दिसतोय, थोड्या वेळाने घरघर ऐकू येतेय, तर ते विमान. डोळ्याचं पातं लवायच्या आत रेघ ओढून गेली तर उल्का. ताऱ्यासारखाच शांत ठिपका, पण सरकतोय, आणि मिनिट-दोन मिनिटं सरकतच राहतोय, तर उपग्रह. सरकता सरकता भर आभाळात मधेच विझला तर घाबरायचं कारण नाही, तो पृथ्वीच्या सावलीत शिरला. त्याला स्वतःचा उजेड नसतो. आपल्याकडे सूर्य मावळलेला असतो, पण तो उंच असल्यामुळे त्याच्यावर अजून ऊन असतं. म्हणून हा खेळ दिवेलागणीनंतरच्या तास-दोन तासांचा, नाहीतर पहाटेचा. मध्यरात्री खालचे उपग्रह सावलीत असतात. पश्चिमेकडून येऊन पाच-सहा मिनिटांत सगळं आभाळ ओलांडणारा, मोठ्या ताऱ्यांना फिकं पाडणारा दिसला तर तो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, चारशे किलोमीटरवर, आणि २ नोव्हेंबर २०००पासून त्यात कायम माणसं राहताहेत. उंची मोजायला यंत्र नको. हात ताठ पुढे धरला तर आपली मूठ साधारण दहा अंशांची. क्षितिजापासून चार मुठी वर म्हणजे चाळीस अंश.

पोरं आंगणाआंगणातून मुठी रचायला लागली. माझी मान ताठ झाली. सगळं कसं ओळखता येतं, सगळ्याचं नाव सांगता येतं.

धाकटा भाऊ २००४ साली बोटीवर लागला. तारवार जाणं ही सासष्टी-बारदेशातली जुनी वाट. आमच्या घरातून त्याआधी कुणी समुद्र ओलांडला नव्हता. तो फिटर, इंजिन रूममध्ये. बोट मालवाहू, आज या बंदरात तर महिन्याने त्या. बंदराला लागली की फोन यायचा. मधल्या दिवसांत भर समुद्रातून फोन करायचा तर बोटीवर उपग्रहाचा फोन, आणि त्याची कार्डं विकत घ्यावी लागत. मिनिटं मोजून बोलायचं. पहिल्यांदा तसा फोन आला तेव्हा आई बोलायची आणि तिकडून उत्तर यायला क्षणभर उशीर व्हायचा. तिला वाटलं, हा रडतोय म्हणून थांबतोय.

"कुठल्या फोनवरून बोललास रे?" मी नंतर विचारलं.

"इरिडियम लिहिलंय दादा त्याच्यावर."

मी आईला सांगितलं ते मोठ्या उत्साहाने. आपण आंगणातून पाहतो ते नखेत्र म्हणजेच त्याचा फोन. आई काहीच बोलली नाही. पण त्या दिवसापासून चमक दिसली की ती हात जोडायला लागली. मी एकदा म्हणालो, "आई, ते यंत्र आहे." ती म्हणाली, "आयुधांची पूजा तूच करतोस मरे दसऱ्याला." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जानेवारी २००८. भावाची बोट डर्बनहून निघून ऑस्ट्रेलियाकडे जात होती. हिंदी महासागराचा दक्षिणेकडचा तो भाग फार ओसाड. बोट सुटल्यावर एकदा फोन आला, त्यानंतर बारा दिवस काही नाही. आई उघड बोलत नव्हती. पण तिच्या हातून दूध दोनदा उतू गेलं.

तेराव्या दिवशी कालनिर्णयमध्ये ७.१२ होतं. आम्ही दोघं आंगणात उभे राहिलो. ठिपका आला, वाढला, झगझगला आणि बारीक होत विझला. एवढी वर्षं तेच पाहत आलो होतो. पण त्या दिवशी आईने पदराचा बोळा तोंडावर धरला.

"विझलें," ती म्हणाली. "दर खेपेला विझतं तें."

मला एकदम कळलं की इतक्या वर्षांत मी चमकण्याचं शास्त्र सांगितलं होतं, विझण्याचं सांगितलंच नव्हतं. मी म्हणालो, "आई, ते विझत नाही. आरसा आपल्याकडून वळतो एवढंच. ते चालतंच आहे." घरात शाळेची दुर्बीण होती. धावत जाऊन आणली, आणि चमक जिथे संपली तिथून दक्षिणेकडे रेघ धरून शोधलं. सापडला. डोळ्यांना न दिसणारा, सुईच्या टोकाएवढा ठिपका, आपल्या चालीने दक्षिणेकडे जात होता. "हा बघ, हा बघ," म्हणत दुर्बीण तिच्या हातात दिली. पण तिचे हात थरथरत होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, आणि तोपर्यंत ठिपका पोफळींच्या आड गेला.

"दिसला?" मी विचारलं.

"ना."

मग मी तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. शंभर मिनिटांत तीनशे साठ अंश. आम्ही पाहिला तेव्हा तो साधारण नागपूरच्या रेखांशावर, वीस उत्तर अक्षांशाजवळ. भावाची बोट असेल तीस दक्षिणेच्या आसपास, रेखांश जवळपास तोच. मधे पन्नास अंश. "आई, चौदा मिनिटांनी हाच उपग्रह त्याच्या डोक्यावर असेल," मी म्हणालो. "त्याला तो चमकताना दिसणार नाही, कवडसा आपल्यापुरता होता. पण असेल तिथेच."

"चौदा मिनटां?"

"चौदा."

ती वृंदावनाच्या कट्ट्यावर बसली. मीही बसलो. घड्याळात सात वाजून सव्वीस मिनिटं झाल्यावर ती उठली, पणतीत तेल घातलं आणि म्हणाली, "पावलें आसतलें आतां." आणि आत जाऊन पानं घेतली.

त्या रात्री फोन आला नाही. गोष्ट रचायची असती तर आणला असता. फोन चार दिवसांनी आला. बोटीवरचा संच बिघडला होता, दुसरं काही नाही. आईने त्याला पहिला प्रश्न विचारला तो हा, की अमक्या दिवशी रात्री तू कुठे होतास. तो म्हणाला, "आई, मी खाली इंजिनात. मला रात्र काय नि दिवस काय."

पण मला झोप लागली नव्हती ती वेगळ्याच कारणाने. आईला दुर्बिणीतून काही दिसलं नव्हतं. मी सांगितलं म्हणून तिने मानलं. माझ्या तोंडच्या एका वाक्यावर ती चौदा मिनिटं बसली आणि शांत होऊन उठली. आणि तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं मी काय केलं होतं? उल्का म्हटलं होतं, विमान म्हटलं होतं, आणि शेवटी लोककथा. मुलांना शिकवलेल्या खुणा तिने मला कितीतरी वर्षं आधी, न विचारता सांगितल्या होत्या. आवाज नाही. शेपूट नाही. लुकलुक नाही. संथ चाल. यातली एकेक खूण उपग्रहाची होती, आणि मी ती आईच्या तोंडून आली म्हणून ऐकलीच नव्हती.

मग मी १९६०च्या पौषात आभाळात काय काय होतं ते शोधायला बसलो. पहिला स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७चा, पण तो जानेवारी १९५८मध्येच जळून गेला. शिवाय लोकांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं ते बहुतेक त्याचं रॉकेट. गोळा फारच लहान होता. १९६०मध्ये मात्र एक वेगळंच काहीतरी वर गेलं होतं. १२ ऑगस्ट १९६०ला अमेरिकेने 'एको' नावाचा फुगा सोडला. खरोखरचा फुगा, तीस मीटर व्यासाचा, पातळ प्लास्टिकचा आणि वरून अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा. रेडिओच्या लहरी त्यावर आपटून परत याव्यात म्हणून. त्याच्यासारखी ठळक दिसणारी मानवी वस्तू आभाळात तोवर नव्हती. मोठ्या ताऱ्यांच्या बरोबरीने तो चमकायचा आणि जगभरच्या लोकांनी तो आंगणा-गच्चीवरून पाहिला.

एक गोष्ट अडत होती. धालो जेवणं आटोपल्यावर. तेव्हा सूर्य मावळून दोन-अडीच तास झालेले असणार. खालून जाणारा उपग्रह असता तर माथ्यावर येईपर्यंत सावलीत गेला असता. पण एको सोडला तेव्हा दीड हजार किलोमीटरहून अधिक उंचीवर होता. इतक्या उंचीवर त्या वेळीही ऊन पोचतं. आणि उंचावरून जाणारा म्हणून चाल संथ. पालखीसारखी, आई म्हणाली होती ती. त्याच्या कक्षेचा कल असा की गोव्याच्या माथ्यावरून तो जाऊ शकत होता.

अडतालीस वर्षांपूर्वीच्या एका रात्रीची पावती कुणी देऊ शकत नाही. नक्की कुठल्या तारखेला, किती वाजता, हे आईला ठाऊक नाही. पण खुणा सगळ्या जुळत होत्या, आणि त्या खुणांचं दुसरं काही त्या काळी आभाळात नव्हतं.

मी आईला जाऊन सांगितलं. फुगा, चांदीसारखा मुलामा, अमेरिका, सगळं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे होतं."

"होतं."

"मांडावर सगळ्यांचं गाणं मोडलं म्हणून मला बोलल्या होत्या. मी उगीच नव्हती थांबली."

मला वाटतं, आभाळातल्या गोष्टीची ओळख पटवणं याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. दिव्याला नाव मिळतं ते खरंच. पण त्याबरोबर ज्याने तो पाहिला त्याचा शब्दही खरा ठरतो. पंधरा वर्षांच्या एका मुलीला म्हातारीने, बापाने आणि पुढे स्वतःच्या मुलाने गप्प केलं होतं. तिचा शब्द तिला परत द्यायला अडतालीस वर्षं लागली.

असो. पुढचं थोडक्यात सांगतो. १० फेब्रुवारी २००९ला, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजत आले असताना, सायबेरियाच्या वर इरिडियम ३३ हा चालू उपग्रह आणि कॉसमॉस २२५१ हा बंद पडलेला रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले. दोन अख्खे उपग्रह असे टकरावायची ती पहिलीच वेळ. दोन हजारांहून अधिक मोठे तुकडे झाले. पेपरात बातमी वाचून आईने विचारलं, "त्याच्या फोनाचं काय?" मी सांगितलं की जाळ्यात राखीव उपग्रह असतात, एक गेला तर दुसरा आणून बसवतात, आणि फोन एकाकडून दुसऱ्याकडे देता येतो. "धालोच्या रांगेसारखं," ती म्हणाली. "एकीचा हात सुटला तर बाजूची धरते." इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

भाऊ २०१४मध्ये कायमचा घरी आला. आता कुळागर तोच बघतो. जानेवारी २०१७पासून दोन वर्षांत त्या कंपनीने नव्या पिढीचे ७५ उपग्रह वर नेले. त्यांना तसे आरशासारखे अँटेना नाहीत. जुने एकेक करून खाली आणून वातावरणात जाळले गेले. २०१९च्या अखेरीपर्यंत सेकंदावर सांगता येणाऱ्या चमका संपल्या. कालनिर्णयचे चौकोन पुन्हा एकादशी-संकष्टीपुरते राहिले. मी आईला भीत भीत सांगितलं, की ते सगळे उतरवले. मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "आमचा घरी आला. मग त्यांनी तरी वर कशाला राहायचं?"

त्याच वर्षी, मे २०१९मध्ये, स्टारलिंकचे पहिले ६० वर गेले, आणि आता ते हजारोंनी आहेत. नुकतेच सोडलेले असले की ओळीने जातात, मुंग्यांच्या रांगेसारखे. भावाला मी ते दाखवले तेव्हा तो बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, "दादा, दहा वर्षं मी त्या फोनवरून बोललो, पण तो वर कुठे आहे ते एकदाही मान वर करून पाहिलं नाही." आभाळात गर्दी होत चालली आहे. दुर्बिणीतून फोटो काढणाऱ्यांना त्या रेघांचा त्रास होतो, आणि त्यांची तक्रार मला पटते. पण आमच्या परातीएवढ्या आभाळाला अधिक त्रास रस्त्यावरच्या पांढऱ्या दिव्यांचा आहे. कृत्तिका आता मोजाव्या लागतात.

जुन्या इरिडियमपैकी काही मात्र खाली उतरवता आलेच नाहीत. वरच बंद पडले आणि अजून गडगडत फिरताहेत. कधीतरी त्यांच्या एखाद्या आरशावर ऊन पडतं आणि क्षणभर चमक होते. त्याचं कोष्टक कुणालाच करता येत नाही.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला माझ्यापेक्षा बरं दिसतं. गेल्या हिवाळ्यात एकदा तुळशीपुढे पणती लावून ती आत आली आणि म्हणाली, "आज एक दिसलें. एकदांच. मोठें."

माझ्या जिभेवर आलं होतं, विमान असेल. मी ते गिळलं. टेबलावरची पेन्सिल घेतली, कालनिर्णय खाली काढलं आणि विचारलं, "कुठल्या बाजूला आई? किती मुठी वर? आणि किती वाजले होते?"